मदत हवी आहे: प्रोस्टेट कॅन्सर हाडांत पोचलाय, पहिला उपचार कोणता?

सांजवात: वडील ७१. ग्लीसन (पेशी किती आक्रमक त्याचा गुण) ४+४, पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) १८६, स्कॅनमध्ये हाडांत डाग. एक डॉक्टर म्हणतात कॅन्सर वाढवणारं टेस्टोस्टेरॉन बंद करणारं तीन महिन्यांचं ल्युप्रोलाइड इंजेक्शन आणि अबिराटेरॉनच्या गोळ्या; दुसरे म्हणतात ऑर्किडेक्टमी (वृषणं काढणं) करून डोसेटॅक्सेल ही केमो. सोमवारी कळवायचंय. कोणतं चांगलं ते फक्त सांगा.

कोयनाकाठ: किती डाग, कुठे? चार किंवा जास्त, आणि त्यातला एक तरी मणका-कटिभाग सोडून इतरत्र, किंवा यकृत-फुप्फुसात गाठी, म्हणजे हाय व्हॉल्यूम, जास्त पसरलेला. ही मोजणी बोन स्कॅन-सीटीवरची आहे. पीएसएमए पेट या जास्त संवेदनशील स्कॅनमध्ये जास्त डाग दिसतात, तेव्हा कोणता स्कॅन तेही लिहा. मधुमेह, बीपी, हृदय, लिव्हर?

रुईफूल: ऑर्किडेक्टमीच करा. टेस्टोस्टेरॉन तासाभरात नाही, पण दिवसाभरात खाली येतं, इंजेक्शनचा खर्च कायमचा सुटतो, तारीख चुकत नाही. ल्युप्रोलाइडने सुरुवातीला टेस्टोस्टेरॉन उलट वाढतं. मणक्यात गाठ असेल तर मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो.

जुनापिंपळ: त्यासाठी आधीपासून टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणारं बायकॅल्युटामाइड ५० मिग्रॅ देतात. किंवा डेगारेलिक्स हे दुसरं इंजेक्शन: पहिल्यांदा २४० मिग्रॅ, मग दरमहा ८०, त्यात ही उसळी येतच नाही. शिवाय इंजेक्शन थांबवता येतं, शस्त्रक्रिया उलटवता येत नाही. पण सांजवात, हे दोन्ही मार्ग एकाच कामाचे आहेत. खरा वाद सोबतच्या औषधाचा आहे. नुसतं टेस्टोस्टेरॉन बंद करणं पुरत नाही, हे २०१५ च्या चार्टेड आणि २०१७ च्या लॅटिट्यूड चाचणीनंतर स्पष्ट आहे.

मोगरा४२: रोबोटने प्रोस्टेटच काढून टाकत नाहीत का?

जुनापिंपळ: हाडांत पसरल्यावर ती नेहमीची वाट नाही. डाग थोडे असतील तर प्रोस्टेटला रेडिएशन देण्याचा फायदा स्टॅम्पीड चाचणीत दिसलाय.

रुईफूल: डोसेटॅक्सेल तीन-तीन आठवड्यांनी सहा वेळा, विषय संपला. अबिराटेरॉन लागू पडतंय तोवर रोज चालू.

कोयनाकाठ: संपला कसा? पांढऱ्या पेशी घसरून ताप आला तर भरती करावं लागतं. अबिराटेरॉनलाही शिस्त हवी: १००० मिग्रॅ उपाशीपोटी, सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ५ मिग्रॅ. जेवणासोबत घेतलं तर रक्तातलं प्रमाण फार वाढतं. पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी लिव्हरची तपासणी, बीपी-पोटॅशियमवरही लक्ष. खर्चासाठी २५० मिग्रॅ कमी तेलाच्या नाश्त्यासोबत देतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, घरी नाही.

सांजवात: बोन स्कॅनच आहे. सहा डाग: मणका, बरगड्या, मांडी. मधुमेह जुना, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९. पायांना मुंग्या येतात, गेल्या आठवड्यापासून उठताना आधार लागतो. ते साखरेमुळे ना?

कोयनाकाठ: हे सोमवारपर्यंत ठेवू नका. मुंग्या साखरेच्या असतील, पण नव्याने आलेला अशक्तपणा मज्जारज्जू दाबल्याचा असू शकतो. आजच आपत्कालीन विभागात जा, पूर्ण मणक्याचा एमआरआय करायला सांगा. लघवी अडते का, तेही सांगा. एमआरआय होईपर्यंत ल्युप्रोलाइड एकटं घेऊ नका.

रुईफूल: सहमत. आणि डोसेटॅक्सेलने नसांचा त्रास वाढतो, तेव्हा या परिस्थितीत माझा आग्रह मागे.

जुनापिंपळ: प्रेडनिसोलोनने साखर चढेल. एमआरआयनंतर अबिराटेरॉनऐवजी एन्झाल्युटामाइड किंवा अपाल्युटामाइडबद्दल विचारा, त्यांना स्टेरॉइड लागत नाही. पूर्वी कधी फिट आली असेल तर मात्र ते आधी सांगा. बीआरसीए या जनुकांच्या तपासणीचंही विचारून घ्या.

सांजवात: निघतोय. लघवी कालपासून थेंबथेंब होतेय.