एकाच रोलवर दोनदा काढलेली मारबत: याला आठवण म्हणायचं का?

लाखनीकर: नागपूरच्या इतवारीतल्या मारबतीचे फोटो इथं पाहिले. मारबत म्हणजे इडापिडा घेऊन जा म्हणत मिरवतात तो बाईच्या रूपातला पुतळा. उन्हाळ्यात जुन्या दारांवर रोल संपवला, गुंडाळून परत कॅमेऱ्यात घातला अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्यावरच मिरवणुकीचे फोटो काढले. खाली ओळ, ‘शहराची स्मृती अशीच साचते.’ भाऊ, काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. तुमच्या फोटोत एक चेहरा ओळखू येत नाही. पिवळीच्या गालावर दाराची कडी! संगं निघणाऱ्या बडग्याच्या, म्हणजे पुरुषाच्या पुतळ्याच्या, पाटीवर लोक त्या वर्षीचा राग लिहितात, तीच वाचता येत नाही. मग उरलं काय? अन् मारबत एकट्या शहराची काहून? आमच्या गावात पोरं पहाटे ‘घेऊन जाय गे मारबत’ ओरडत तिला शिवेवर नेतात. पोळ्याला दारात लावलेले पळसाचे मेढेही, म्हणजे फांद्याही, तिच्यासंगं जातात.

इतवारीतला: फोटो माझे. ती कडी आमच्या वाड्याची. दार एप्रिलात काढलं, जूनमध्ये वाडा पाडला. मिरवणूक त्याच दारावरून जायची, आजी उंबऱ्यात उभी राहायची. दार अन् मारबत एकत्र आता त्या फ्रेममध्येच आहेत. दोन्ही वेळा प्रकाश एकेक स्टॉप कमी, म्हणजे निम्माच, ठेवला, म्हणून निदान एवढं तरी दिसतं.

पवनीची सून: फिल्मचं कौतुक मला नका सांगू. माझ्या लग्नाचे निगेटिव्ह स्टुडिओवाल्यानं ओल्या भिंतीच्या कपाटात ठेवले, सगळे एकमेकांना चिकटले. अल्बममधले फोटो लालभडक झालेत. आईचा हसरा फोटो तेवढा एकच होता.

जुना डार्करूमवाला: रंगीत प्रिंटमधला निळसर रंग आधी उडतो, म्हणून लाल दिसतं. कृष्णधवल घ्या, फोटो पक्का करायचं रसायन, हायपो, शेवटी पाण्यानं नीट धुऊन काढा. माझे चाळीस वर्षांचे निगेटिव्ह आजही खणखणीत आहेत.

पवनीची सून: काका, कारण कळून आई दिसते का? धुवायचं काम स्टुडिओचं होतं, पैसे पूर्ण घेतले होते.

जुना डार्करूमवाला: सगळ्याच स्टुडिओवाल्यांना एका माळेत ओवू नका. लग्नसराईत रात्र रात्र लाल दिव्याखाली उभा राहिलोय मी. गिऱ्हाईक निगेटिव्ह न्यायला वर्षानुवर्षं फिरकत नव्हतं, ते कोण सांगणार?

पवनीची सून: आम्ही तीनदा गेलो होतो. तीनदा ‘उद्या या’.

लाखनीकर: विषय मारबतीचा, तुम्ही हायपोवर भांडताय!

इतवारीतला: विषय तोच आहे दादा. काय टिकतं अन् काय जातं.

लाखनीकर: वाडा पाडला हे आधी लिहायला पाहिजे होतं. कडीचा फोटो मी परत उघडून पाहिला. तेवढा एक राहू द्या. पण पाटी वाचता आलीच पाहिजे, यावर मी हटणार नाही. पुढच्या पोळ्याला मुक्कामी या, पहाटे शिवेवर नेतो. एक रोल साधा काढा, माणसं ओळखू येतील असा. दुसऱ्यावर काय करायचं ते करा. साध्या रोलचे निगेटिव्ह मात्र गावात राहतील, माझ्याकडे, कोरड्या डब्यात.