अमेरिकेचं स्वातंत्र्य एकट्या फ्रेंच आरमाराचं? मग मार्बलहेडच्या कोळ्यांचं काय?

तांडेलाचा नातू

'आकडेमोड' यांचा कालचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातली यॉर्कटाउनची निर्णायक लढाई (१७८१) फ्रेंच आरमारानं जिंकून दिली, अमेरिकेला आरमार असं नव्हतंच, तिथली बंदरं इंग्रजांनी वाटेल तेव्हा जाळावीत अशी होती, आणि त्यांचे प्रायव्हेटियर (शत्रूची जहाजं पकडायचा सरकारी परवाना असलेली खासगी जहाजं) म्हणजे परवाना घेतलेले चाचे. तिथे चार ओळींचा प्रतिसाद लिहायला बसलो, तो वाढतच गेला. म्हणून वेगळा धागा.

फ्रेंच अ‍ॅडमिरल द ग्रासचं श्रेय मी नाकारत नाही. ५ सप्टेंबर १७८१ ला चेसापीकच्या तोंडाशी त्याची २४ मोठी जहाजं होती, इंग्रज ग्रेव्हजची १९. ग्रेव्हज मागे फिरला आणि यॉर्कटाउनला अडकलेल्या इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसची समुद्राकडची वाट बंद झाली. पण लढाई सुरू झाली एप्रिल १७७५ मध्ये. मधली सहा वर्षं ती कुणाच्या जिवावर चालली?

नोव्हेंबर १७७५ घ्या. बोस्टनला वेढा पडलाय आणि वॉशिंग्टनच्या फौजेकडे धड दारूगोळा नाही. त्यानं काय केलं, तर मासेमारीची स्कूनर गलबतं भाड्यानं घेऊन त्यांवर तोफा चढवल्या. त्यातल्या 'ली' या गलबतावर जॉन मॅनली कप्तान होता. त्यानं 'नॅन्सी' नावाचं इंग्रजांचं रसदीचं जहाज पकडलं. आत २,००० बंदुका आणि १३ इंची पितळी उखळी तोफ! तेव्हा फ्रान्सशी तह व्हायला सव्वादोन वर्षं बाकी होती.

आणि २९ ऑगस्ट १७७६ ची रात्र. ब्रुकलिनला मार खाऊन वॉशिंग्टनची फौज नदीला पाठ लावून उभी. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड बंदराच्या जॉन ग्लोव्हरची कोळी-खलाशांची पलटण आणि सेलमचे खलाशी, यांनी एका रात्रीत सुमारे ९,००० माणसं ईस्ट रिव्हरपार नेली. वल्ह्यांना कापड गुंडाळलेलं. इंग्रजांना पत्ता लागला तो सकाळी, धुकं विरळ झाल्यावर. हे वाचताना मला आमचे आजोबा दिसतात. हर्णैला ते तांडेल होते. रात्री पाण्यात आवाज होऊ नये म्हणून वल्हं जिथे काठाला घासतं तिथे ओली चिंधी बांधायचे आणि मला सांगायचे, "आवाज पाण्यावरून धावतो रे, माणसाच्या आधी पोचतो." हे ज्ञान शिबंदीत भरती होऊन मिळत नाही, ते बंदरात जन्मावं लागतं. त्याच पलटणीनं पुढे नाताळच्या रात्री बर्फातून डेलावेअर नदी पार करून दिली.

बंदरांनी किंमत काय मोजली? आजचं पोर्टलंड, तेव्हाचं फाल्मथ, १८ ऑक्टोबर १७७५ ला इंग्रज कप्तान हेन्री मोवॅटनं दिवसभर तोफा डागून जाळलं. ४०० हून जास्त इमारती गेल्या, तीही उत्तरेतला हिवाळा दारात असताना. अशा गावांतल्या माणसांना चाचे म्हणायचं?

आकडेमोड

भावना पोचल्या. आता हिशेब.

डिसेंबर १७७५ मध्ये बंडखोर वसाहतींच्या काँग्रेसनं १३ फ्रिगेट (मध्यम आकाराच्या युद्धनौका) बांधायला घेतल्या. १७८१ संपेपर्यंत एकही उरली नव्हती. काही इंग्रजांनी पकडल्या, काही आपल्याच लोकांना जाळाव्या लागल्या. खलाशी मिळत नव्हते, कारण सगळे प्रायव्हेटियरवर. तिथे लुटीत वाटा, शिस्त कमी, फेरी छोटी. म्हणजे तुमच्या शूर बंदरांनीच देशाचं आरमार उपाशी ठेवलं.

१७७९ ची पेनॉब्स्कॉट मोहीम का गाळलीत? तिथलं इंग्रजांचं ठाणं उठवायला मॅसॅच्युसेट्सनं सुमारे ४० जहाजं पाठवली. इंग्रजांची कुमक दिसताच नदीत शिरून आपलीच जहाजं पेटवली आणि लोक जंगलातून पायी घरी आले. पुढच्या वर्षी अमेरिकनांचं चार्ल्सटन बंदर इंग्रजांच्या हाती पडलं तेव्हा ५,००० च्या आसपास माणसं कैद झाली. समुद्र मोकळा करायला आरमार लागतं. स्वतः वॉशिंग्टननं लिहून ठेवलंय की निर्णायक आरमाराशिवाय आपल्या हातून कायमचं काही होणार नाही.

आणि जळालेल्या बंदरांत नॉरफोक का नाही? १ जानेवारी १७७६ ला व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डनमोर याच्या जहाजांनी तोफा डागल्या, धक्क्यावरची घरं पेटवली, हे खरं. पण बाकीचं शहर राजनिष्ठ व्यापाऱ्यांचं म्हणून क्रांतिकारी सैनिकांनीच लुटून जाळलं. बहुतांश घरं त्यांच्या हातून गेली.

तांडेलाचा नातू

नॉरफोकचं मान्य. वाईट वाटतं, पण मान्य. त्यानं फाल्मथ विझत नाही.

विजयदुर्ग१७५६

मला त्या 'चाचे' शब्दावर बोलायचंय, आणि स्पष्ट बोलणार. हा शब्द मूळ इंग्रजांचा. जो त्यांचा दस्तक (समुद्रात फिरायचा परवाना) मागत नाही, स्वतःचा देतो, तो चाचा. कान्होजी आंग्रे मराठ्यांचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. स्वतःच्या किनाऱ्यावर स्वतःचे दस्तक देत होते, जकात घेत होते. इंग्रजांच्या कागदांत मात्र 'पायरेट'. आज मराठी माणूस तोच शब्द मार्बलहेडच्या कोळ्यांना लावतो, याचा मला संताप येतो.

लुटीचंच बोलायचं तर फेब्रुवारी १७५६ चा विजयदुर्ग पाहा. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याच्याविरुद्ध पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. इंग्रजांचे अ‍ॅडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह निघण्याआधीच मुंबईत बसून वाटे ठरवून मोकळे, अ‍ॅडमिरलला किती, कप्तानाला किती! आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं, लूट इंग्रजांनी आपापसांत वाटली, पेशव्यांना काही दिलं नाही, वर किल्लाही काही महिने अडवून ठेवला. ते राजाचे अधिकारी आणि मॅनली चाचा?

आकडेमोड

अवांतर. शिवाय तुळाजी कुणाला जुमानत नव्हता. पेशव्यांच्या माणसांनाही त्याचा जाच होता.

विजयदुर्ग१७५६

घरातला भाऊ जुमानत नाही म्हणून शेजाऱ्याला बोलावून घर पेटवायचं नसतं. आमचं गाव विजयदुर्गच्या खाडीला लागून. लहानपणी ओहोटीच्या वेळी वडील तटाखाली न्यायचे, पाण्याकडे बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "आपलं आरमार इथे जळालं, आणि जाळायला आपणच माणसं आणली." ते हे नेहमी हळू आवाजात सांगायचे.

आणि हे अवांतर नाही. परक्याचं आरमार बोलावण्याचाच प्रश्न आहे. अमेरिकनांनी फ्रेंचांना बोलावलं तेव्हा त्यांची स्वतःची गलबतं समुद्रात होती, शत्रूची जहाजं पकडत होती. १७७७ ला सेंट लुबिन हा फ्रेंच पुण्यात आला, चौलच्या बंदराच्या गोष्टी झाल्या, मुंबईच्या इंग्रजांना धडकी भरली. पण फ्रेंच आरमार काही आपल्या किनाऱ्याला आलं नाही. तिकडे यॉर्कटाउन झालं आणि इकडे १७८२ ला मराठे-इंग्रजांचा सालबाईचा तह. समुद्रावर आपल्याकडे काय उरलं होतं, ते विजयदुर्गला विचारा.

आकडेमोड

फ्रेंच इकडे आले नाहीत ते विजयदुर्गमुळे? त्यांना तेव्हा वेस्ट इंडीजची साखर महत्त्वाची होती. उगाच सगळं १७५६ ला नेऊन बांधू नका. प्रत्येक धाग्यावर तुमचं हेच असतं!

विजयदुर्ग१७५६

असतं, कारण प्रत्येक धाग्यावर कुणीतरी आंग्र्यांना चाचे म्हणतं.

जुना चीफ ऑफिसर

भांडण बाजूला ठेवून एक सांगतो. ३१ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली. एकदा आमचं जहाज परदेशी बंदरात अडकलं. मालकानं हात वर केले, पगार पाच महिने नाही. डाळ-तांदूळ मोजून शिजायचा. एका पोराच्या घरून निरोप आला की बहिणीचं लग्न मोडलं. तो रात्रभर डेकवर बसून होता आणि मी त्याच्या शेजारी. काय बोलावं सुचत नव्हतं.

तेव्हापासून 'खलाशी पैशासाठी जातो' असं कुणी हिणवून म्हटलं की सहन होत नाही. काँग्रेसच्या कागदी नोटांची किंमत महिन्यागणिक घसरत होती. आरमारात जाऊन त्या नोटा घ्यायच्या, की प्रायव्हेटियरवर जाऊन पकडलेल्या जहाजाच्या लिलावातला वाटा घरी आणायचा? मासेमारी बंद, व्यापार बंद, घरी पोरं. आणि प्रायव्हेटियर मनमानी करत नव्हता. परवाना, जामीन, पकडलेलं जहाज बंदरात आणून कोर्टापुढे उभं करायचं, कोर्टानं वैध ठरवलं तरच विक्री. चाचा कोर्टात जातो का?

उलट रॉडनी पाहा. तो राजाचा अ‍ॅडमिरल. फेब्रुवारी १७८१ ला डचांचं सेंट युस्टेशियस बेट घेतलं. डच झेंडा तसाच फडकत ठेवला, त्याला फसून येणारी जहाजं पकडली, ज्यू व्यापाऱ्यांना लुटून हद्दपार केलं. महिनोन्‌महिने तो त्या लुटीच्या हिशेबात बसला. तोवर द ग्रास फ्रान्सहून मार्टिनिकला पोचलासुद्धा. आकडेमोड, तुमच्या २४ जहाजांची वाट याच लोभानं सोपी केली.

आकडेमोड

रॉडनीचा मुद्दा बरोबर आहे. लेखात यायला हवा होता. पण काँग्रेसचे परवाने १,७०० च्या घरात, पकडलेली किंवा बुडवलेली इंग्रज जहाजं ६०० च्या आसपास. इंग्रजांचा विमा महागला, व्यापारी ओरडले, पण त्यानं कॉर्नवॉलिस शरण येत नाही.

ब्रुकलिनवासी

मी सहसा लिहीत नाही. आज लिहिते.

आमच्या घरापासून फोर्ट ग्रीन पार्क चालत वीस मिनिटं. टेकडीवर १४९ फुटी स्तंभ आहे, १९०८ चा. पहिली तीन वर्षं मी तिथे मुलाला खेळायला न्यायची आणि पायऱ्यांवर बसून डबा खायची. एक दिवस पाटी वाचली. पायाखाली हाडं आहेत.

खाली वॉलअबाउट उपसागरात इंग्रजांची जुनी कैदी-जहाजं नांगरलेली असायची, डोलकाठ्या उतरवलेली, तोफांची भोकं बंद केलेली. सगळ्यात बदनाम 'जर्सी'. रात्री शेकडो माणसं खाली कोंडायची आणि सकाळी झाकण उघडून आधी मेलेल्यांना वर काढायला सांगायचं. सगळ्या जहाजांवर मिळून ११,००० च्या वर माणसं मेली असं मानतात. रणांगणावर मेलेल्यांपेक्षा जास्त. त्यात बरेचसे तुमचे हे 'परवाना घेतलेले चाचे', म्हणजे प्रायव्हेटियरवरचे खलाशी. सुटायचा मार्ग रोज समोर होता: इंग्रज आरमारात भरती व्हा, आत्ता बाहेर या. बहुतेकांनी नाही म्हटलं. नुसत्या पैशासाठी आलेला माणूस तिथे बसून मरत नाही हो.

एक पोरगा होता, जेम्स फोर्टन. फिलाडेल्फियाचा, काळा पण जन्मानं स्वतंत्र. वय जेमतेम पंधरा, 'रॉयल लुईस' या प्रायव्हेटियरवर तोफांना दारू पोचवायचा. १७८१ मध्ये पकडला गेला. इंग्रज कप्तानाच्या मुलाशी त्याची गोट्या खेळताना गट्टी जमली. कप्तान म्हणाला, इंग्लंडला चल, शिकवतो. फोर्टननं देशाशी बेइमानी करणार नाही म्हणून नकार दिला. त्याच्या रंगाच्या कैद्याला वेस्ट इंडीजला नेऊन गुलाम म्हणून विकणं सहज शक्य होतं, तरी! सात महिने 'जर्सी'वर काढले. सुटल्यावर पायी घरी गेला. पुढे शिडं शिवण्याचा मोठा कारखाना चालवला आणि कमावलेला पैसा गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यात घातला.

माझा मुलगा आता चौदाचा आहे. त्या पायऱ्यांवर मी परत डबा खाल्लेला नाही.

आकडेमोड

११,००० हा अंदाज आहे, पक्की नोंद नाही. एवढं तरी म्हणू द्या.

ब्रुकलिनवासी

अंदाजच आहे. मेलेल्यांना किनाऱ्याच्या वाळूत उथळ पुरायचे, मोजणार कोण? नंतर कितीतरी वर्षं भरतीबरोबर हाडं वर यायची आणि तिथली माणसं ती गोळा करून ठेवायची.

आकडेमोड

ठीक. 'परवाना घेतलेले चाचे' हे शब्द लेखातून काढतो. रॉडनीवर एक परिच्छेद घालतो. पण 'कोळ्यांनी युद्ध जिंकलं' हे लिहिणार नाही. द ग्रास नसता तर कॉर्नवॉलिस न्यूयॉर्कला निघून गेला असता.

तांडेलाचा नातू

मी जिंकलं म्हटलंच नव्हतं, तगवलं म्हटलं होतं. ब्रुकलिनच्या त्या रात्री वॉशिंग्टन सापडला असता, तर द ग्रास कुणाच्या मदतीला आला असता? एवढी एक ओळ घाला, माझं म्हणणं संपलं.

आकडेमोड

घालतो. ग्लोव्हरच्या नावासकट.

विजयदुर्ग१७५६

आणि तुळाजीसाठीही तो शब्द मागे घ्या.

आकडेमोड

त्यावर वेगळा धागा काढा. तिथे येतो, कागद घेऊन.