मेळाव्याची तारीख आणि हयातीचे दाखले
आपल्या माजी सैनिकांचा वार्षिक मेळावा २८ सप्टेंबरऐवजी १४ जानेवारीला घ्यावा, ही सूचना मला पटते. १८२७ साली २८ सप्टेंबरला पाचव्या बॉम्बे माउंटन बॅटरीची उभारणी झाली, म्हणून तो तोफखान्याचा दिवस; आणि देवळालीला तोफखान्याची प्रशिक्षण शाळा व नाशिक रोडला तोफखाना केंद्र असल्याने आपल्यात गनरांचा भरणा असणारच. परंतु पायदळ, सिग्नल्स वा नौदलातून निवृत्त झालेल्यांना आपण पाहुणे आहोत असे वाटू नये, यासाठी पहिले भारतीय लष्करप्रमुख फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये ज्या दिवशी निवृत्त झाले, तो १४ जानेवारीचा माजी सैनिक दिनच अधिक योग्य. (संक्रांतीचा तिळगूळही आयताच होतो.)

मात्र हारतुऱ्यांना थोडी कात्री लावून एक टेबल ‘स्पर्श’ या संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन प्रणालीवरील हयातीच्या दाखल्यासाठी राखून ठेवावे. शेतीकामाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्र अनेकदा घेत नाही आणि निफाड-सिन्नरकडच्या वृद्ध जवानांना व वीरपत्नींना त्यापायी हेलपाटे पडतात. मोबाइलवर चेहरा दाखवूनही तेच काम होते; फक्त आधार क्रमांक व पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश) जवळ हवा आणि पापण्या कधी मिटायच्या हे शेजारी बसून शांतपणे सांगणारे कोणीतरी हवे. ते काम करायला मी तयार आहे.