मदत हवी आहे: आईचा प्रीमियम आणि वडिलांची औषधं, दोन्ही ८०डी मध्ये?

नमस्कार. मी सोलापुरात नोकरीला. गृहकर्जामुळे जुनीच कररचना ठेवली आहे, त्यामुळे ८०डी (आरोग्य विम्याचा प्रीमियम आणि वैद्यकीय खर्चावरची आयकर वजावट) मिळते. स्वतःच्या कुटुंबाची २५,००० ची मर्यादा वेगळी भरली, तिथे अडचण नाही.

अडलंय ते आईवडिलांच्या ५०,००० च्या मर्यादेत. आई ६६ वर्षांची, तिच्या पॉलिसीचा २८,६०० प्रीमियम माझ्या खात्यातून गेला. वडील ७३ चे, मधुमेह जुना, त्यांची कुठलीच पॉलिसी नाही. त्यांच्या इन्सुलिनची आणि तपासण्यांची बिलं २३,००० च्या आसपास. सात रस्त्याच्या मेडिकलवाल्याला सगळं यूपीआयने दिलंय, फक्त दोन बिलं रोखीची (१,४००), ती सोडून दिली. शाई उडालेल्या बिलांचे फोटोही काढून ठेवलेत.

रिटर्नमध्ये प्रीमियम आणि वैद्यकीय खर्च असे वेगळे रकाने दिसतात. ओळखीचे सल्लागार म्हणाले, "दोन्हीपैकी एकच घ्या." का, ते काही सांगितलं नाही! कलम वाचलं, तर वैद्यकीय खर्चासाठीची विमा नसण्याची अट ज्याच्यावर खर्च झाला त्या व्यक्तीपुरती वाटते. फॉर्म १६ मध्ये यातलं काहीच आलेलं नाही.

तर आईचा प्रीमियम आणि वडिलांचा खर्च, दोन्ही रकाने भरून एकत्र ५०,००० पर्यंत वजावट घेता येते का? कुणी प्रत्यक्ष अशी घेतली आहे का?