मुलांसोबत मोझेल: सुरुवात दाउनपासून करा

दहा वर्षांच्या मुलीला घेऊन जर्मनीतल्या मोझेल नदीकाठी सायकल चालवता येईल का, असं एकानं विचारलंय. नक्की येईल. फक्त सुरुवात नदीवरून न करता वर आयफेलच्या डोंगरातल्या दाउन गावापासून करा. तिथून मोझेलकाठच्या बेर्नकास्टेल-कूस गावापर्यंत साधारण ५८ किमीचा मारे-मोझेल मार्ग आहे. त्याचा मोठा भाग जुन्या रेल्वेमार्गावरून जातो. रेल्वेचा चढ-उतार सौम्यच असतो, त्यामुळे मुलांना दम लागत नाही. वाटेत जुने पूल आणि बोगदे लागतात. बोगद्यात गारठा असतो, जाकीट हाताशी ठेवा. दोन दिवस घ्या, घाई कशाला?

खाली उतरलात की द्राक्षमळेच मळे. पाटीच्या दगडाचे उभे उतार दिवसभर ऊन साठवतात, म्हणून इतक्या उत्तरेलाही रीसलिंग ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं पिकतात. ब्रेमजवळचा काल्मोंट तर युरोपातल्या सर्वांत तीव्र उताराच्या मळ्यांपैकी एक. तो खालून, नदीच्या वळणावर थांबून बघाच!

नदीकाठची वाट मात्र काही ठिकाणी मोठ्या रस्त्याला चिकटून जाते. तिथे पूल ओलांडून दुसरा काठ धरता येतो का, ते नकाशात आधीच बघून ठेवा. परत दाउनला जायला हंगामात सायकलींचा ट्रेलर लावलेली बस असते, जागा आगाऊ राखून ठेवा.