नवा आवाज रेडिओच्या बँडवर आला की आधी उत्तर द्या, चूक नंतर सांगा

कृष्णाकाठ (सांगली)

मुद्दा सरळ मांडतो. आपल्या भागात हॅम रेडिओकडे (परवाना काढून हौसेने वायरलेसवर बोलण्याकडे) येणारी माणसं परीक्षेत अडत नाहीत, हवेवरच्या पहिल्या पाच मिनिटांत अडतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: परवान्यासाठी किमान वय १२. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स (टिंब-रेघांची संकेतलिपी) लागत नाही, जनरलला मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने लागतं. रिस्ट्रिक्टेडचं कॉलसाइन (हवेवरचं ओळखचिन्ह) व्हीयू३ने सुरू होतं, जनरलचं व्हीयू२ने. म्हणजे नवा माणूस तोंड उघडताक्षणी ओळखू येतो, आणि काही जणांचा सूर तिथेच बदलतो.

गेल्या रविवारी सकाळी ७ मेगाहर्ट्झवर (४० मीटर बँडवर) विट्याकडचा एक मुलगा सीक्यू देत होता, म्हणजे 'कुणी आहे का' अशी हाक मारत होता. कॉलसाइन घाईत म्हटलं, फोनेटिक्समध्ये (एकेक अक्षर शब्दाने सांगताना) अडखळला, 'ओव्हर' (माझं झालं, आता तुम्ही बोला) म्हणायचं राहून गेलं. पहिलं उत्तर आलं ते असं: "तुमचा ऑडिओ फाटतोय. आधी प्रोसिजर शिकून या." नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, सिग्नल रिपोर्ट (आवाज कसा येतोय ते) दिला नाही. मी लगेच हाक मारली, पुन्हा मारली. तो सेट बंद करून गेला होता.

ऑडिओ फाटत होता हे खरंच आहे. माइक ओठाला चिकटवून ओरडलं की फाटणारच. "चार बोटं लांब धर, गेन (माइकची पातळी) जरा कमी कर," एवढं सांगितलं की काम होतं. पण ते ऐकायला पोरगं जागेवर तर असलं पाहिजे.

ओहमचा नियम, बँडच्या (ठरवून दिलेल्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यांच्या) मर्यादा, क्यू कोड (तीन अक्षरी संक्षिप्त खुणा) हे सगळं तो लिहून आलाय, पास झालाय. पीटीटी (बोलायचं बटण) दाबल्यावर घसा कोरडा पडतो, ते कुठल्याच पेपरात नसतं. तिथे सांभाळून घेणं आपलं काम आहे. आधी त्याचं कॉलसाइन परत म्हणा. खरा रिपोर्ट द्या, उगाच सगळ्यांना पाच-नऊ (उत्तम सिग्नल) वाटू नका. नाव-गाव विचारा, अँटेना कशी बांधलीय ते विचारा, त्यावर माणूस मोकळा बोलतो. माइकचं बोलायची तिसरी पाळी आली की सांगा. आणि जिल्ह्यातला असेल तर चहाला घरी बोलवा.

जुना_ऑपरेटर (सातारा)

कृष्णाकाठ, तळमळ पोचली, पण मत पटलं नाही.

आमच्या वेळी एचएफवर (७ मेगाहर्ट्झसारख्या दूर पोचणाऱ्या बँडवर) यायचं तर मोर्सशिवाय गत्यंतर नव्हतं. ते शिकण्यात महिने जायचे आणि त्या महिन्यांत आम्ही दुसरं काय करायचो? ऐकायचो. रात्र-रात्र ऐकायचो. कोण कुणाला कसं बोलावतं, दोघांचं बोलणं चालू असताना तिसरा कधी शिरतो, केव्हा गप्प बसायचं, हे कानातून अंगात मुरायचं. आज परवाना आला की त्याच संध्याकाळी सीक्यू. आधी कान, मग तोंड, हा क्रम मोडून चालणार नाही.

ऑडिओ फाटणं ही त्या मुलाची खासगी बाब नाही. एसएसबीवर (या बँडवर आवाज पाठवायची नेहमीची पद्धत) माइक गेन जास्त ठेवला की सिग्नल आपली जागा सोडून आजूबाजूला पसरतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर कुणीतरी अशक्त सिग्नल पकडायला धडपडत असतो त्याचं वाटोळं होतं. फ्रिक्वेन्सी कुणाच्या मालकीची नाही, म्हणूनच शिस्त जास्त लागते.

२६ डिसेंबर २००४ आठवा. भारती प्रसाद हौशी रेडिओच्या मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होत्या. त्सुनामी आली, आणि अंदमानातले निरोप मुख्य भूमीवर पोचवायला तेच स्टेशन कामी आलं. अशा वेळी मध्येच कुणी "माझा रिपोर्ट काय?" विचारायला घुसला तर? ज्याला साध्या रविवारी थांबायची सवय लावली नाही, तो त्या दिवशी थांबेल असं धरून चालायचं का?

आणि एक. ऑनलाइन मिळणारे चिनी हँडसेट घेऊन कास पठारावर, किल्ल्यांवर विनापरवाना बोलणारे ग्रुप वाढलेत. उद्या स्वागत-स्वागत करताना आपण त्यांनाही "या, बसा" म्हणणार आहोत का? परवाना आधी विचारलाच पाहिजे.

कृष्णाकाठ (सांगली)

काका, विनापरवाना बोलणाऱ्यांबद्दल आपलं एकमत आहे, त्यावर वाद नाही. आणीबाणीचा नेट (निरोपांसाठी अनेक स्टेशनांनी मिळून चालवलेला संवाद) चालू असेल तर थांबवायलाच हवं, हेही मान्य. पण त्या रविवारी नेट नव्हता, आणीबाणी नव्हती, बँड मोकळा होता. आणि तो ऐकत नसेल कशावरून? ऐकूनही पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळते.

हळदपेठ (सांगली)

तुम्ही दोघं 'उत्तर कसं द्यावं' यावर भांडताय. मला उत्तरच मिळालं नाही त्याचं काय?

माझ्याकडे व्हीयू३ परवाना आहे. अर्ज, परीक्षा, मग वाट बघणं, यात बरेच महिने गेले. हौसेने हँडसेट घेतला. विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहते. संध्याकाळी गॅलरीत उभी राहून १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास (टू मीटर बँडवर) हाक मारायची, नुसती खरखर. आठवडेच्या आठवडे. घरचे विचारायला लागले, हे यंत्र बिघडलंय का?

मग बाहेरगावी एका मेळाव्याला गेले. सगळी माणसं सभ्य होती, कुणी वाकडं बोललं नाही. पण दिवसभरात मला विचारलेला प्रश्न एकच, "रिग (सेट) कुठली?" हँडसेट म्हटल्यावर समोरचा "अच्छा" म्हणून दुसऱ्याकडे वळला. बायका मोजक्याच होत्या, त्यांच्यातल्याही एकीला लोक तिच्या नवऱ्याचं कॉलसाइन विचारत होते. मी दुपारचं जेवण करून निघाले. तेव्हापासून सेट कपाटात आहे.

कृष्णाकाठ, तुमचा गोड आवाज ४० मीटरवर आहे. तिथे यायला मोठा सेट लागतो, वीस मीटर तार ताणायला जागा लागते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, हँडसेटवर सुरुवात करणाऱ्या माणसाचं स्वागत करायला आपल्या शहरात टू मीटरवर कोण बसलंय? ठरलेली वेळ नाही, ठरलेली फ्रिक्वेन्सी नाही. शिष्टाचार नंतर बघू. आधी कुणीतरी हजर असा.

डोंगरवाट (पाटण)

हळदपेठ ताईंशी शंभर टक्के सहमत. त्यात माझी वेगळीच तक्रार जोडतो, बऱ्याच जणांना ती आवडणार नाही.

नव्या पोरांना आपण आपत्तीचं आमिष दाखवून आणतो. २०१९ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, २०२१च्या जुलैमध्ये आमच्या तालुक्यात आंबेघर, मीरगावला दरड कोसळली. मग प्रत्येक व्याख्यानात तेच: मोबाइल बंद पडतात तेव्हा हॅम धावून येतो. पोरगं पेटून उठतं, परीक्षा देतं, आणि पुढचे अनेक महिने काहीच घडत नाही. त्याला वाटतं आपण फुकट शिकलो.

शिवाय जे सांगतो ते अर्धवट सांगतो. कोयनेच्या खोऱ्यात हँडसेट घेऊन उभे राहा. समोर डोंगराची धार आली की व्हीएचएफ (हँडसेटचा टू मीटरसारखा बँड) तिथेच संपलं. उलट ७ मेगाहर्ट्झची वीस मीटर तार मधोमध तोडून कोॲक्सला (अँटेनाच्या जाळीदार केबलला) जोडा आणि नुसती पंधरा-वीस फुटांवर बांधा. लहर जवळजवळ सरळ वर जाते, आयनोस्फिअरवरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परत खाली येते आणि दिवसा आसपासचे दोन-तीनशे किलोमीटर भरून काढते. डोंगर आडवा येतच नाही. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा पुण्याचा माणूस शेजारच्या खोलीतून बोलावा तसा आला. त्या आनंदाने मला धरून ठेवलंय, पुराच्या भीतीने नाही. हैदराबादच्या अशर फरहान यांचा बिटएक्स बघा, बाजारात मिळणाऱ्या साध्या सुट्या भागांतून घरी बांधता येणारा एसएसबी सेट. नव्या माणसाच्या हातात सोल्डरिंग आयर्न द्या. पूर येईल तेव्हा तो आपोआप तयार असेल.

जुना_ऑपरेटर (सातारा)

डोंगरवाट, आपत्तीचं नाव काढलं नाही तर कुठलीच कचेरी दार उघडत नाही आणि शाळा हॉल देत नाहीत, हे अनुभवाने सांगतो. ते आमिष नाही, जबाबदारी आहे. कोयनेचा १९६७चा भूकंप ज्यांनी बघितला त्या पिढीला हे पटवून द्यावं लागत नाही.

हळदपेठ ताई, तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटलं. सेट कपाटातून काढा. दोष तुमच्या हाकेत नाही, त्या रबरी अँटेनात आहे, त्यात तुमची गॅलरी सिमेंटने तीन बाजूंनी बंद असणार. एक एसओ-२३९ सॉकेट (अँटेनाची केबल जोडायचं) घ्या. मधल्या पिनेला साडेएकोणीस इंचांची पितळी किंवा तांब्याची कांडी उभी सोल्डर करा. चार कोपऱ्यांच्या भोकांना वीस-साडेवीस इंचांच्या चार कांड्या लावून साधारण ४५ अंशांत खाली वाकवा. गच्चीवर काठीला बांधा, खालून कोॲक्स. झाली टू मीटरची ग्राउंड प्लेन अँटेना. उंची मिळाली की त्याच हँडसेटचे पाच वॉट कुठल्या कुठे जातात ते बघा.

वाळव्याच्या_बाई (वाळवा तालुका)

मी शाळेत शिकवते, परवाना नाही. ओळखीच्या एका परवानाधारकाने त्यांचा हँडसेट शाळेत आणला होता, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रं पाठवत होते तेव्हा. स्थानक डोक्यावरून जायला दहाएक मिनिटं. सेटच्या स्पीकरपाशी मोबाइल धरला, ॲपमध्ये चित्र एकेक ओळ उतरत गेलं. निम्म्यावर सिग्नल तुटला, खालची बाजू नुसती ठिपक्यांची. मुलांनी तेच अर्धं चित्र छापून घ्यायला लावलं, वर्गात लावलंय.

सातवीतल्या एका मुलीने मग विचारलं, "बाई, आपल्याला बोलता येईल का?" वय बसतंय म्हटलं. तर म्हणाली, "पण तिथे इंग्रजी लागणार ना?"

या अडथळ्याबद्दल तुमच्यापैकी कुणीच बोललेलं नाही. नियमाला उघड, समजणारी भाषा हवी. मराठी चालते. मग आपल्या भागातले लोक एकमेकांशी इंग्रजी-हिंदीतच का सुरुवात करतात? सांगलीचा माणूस कराडच्या माणसाला "हँडल प्लीज" म्हणतो. "नाव काय तुमचं?" म्हणा की.

जुना_ऑपरेटर (सातारा)

बाई, यावर माझा आक्षेप आहे. कॉलसाइन, फोनेटिक्स, क्यू कोड जगभर एकच आहेत म्हणून जपानचा माणूस आपल्याला ओळखतो. मुलांना सुरुवातीलाच सोपी वाट दिली तर ती सांगली-सातारच्या बाहेर पडणार नाहीत.

वाळव्याच्या_बाई (वाळवा तालुका)

कॉलसाइन आणि फोनेटिक्स इंग्रजीतच शिकवू, ते चार दिवसांचं काम आहे. त्यानंतरच्या गप्पा मराठीत होऊ द्या. ती मुलगी आधी कराडला बोलली तरच कधीतरी जपानला बोलेल.

कृष्णाकाठ (सांगली)

हळदपेठ ताईंचा मुद्दा मला सगळ्यात लागला. मी ४० मीटरवर बसून स्वागताच्या गोष्टी करतोय आणि माझ्याच शहरात कुणीतरी गॅलरीतून हाका मारतंय. दर रविवारी सकाळी ९ ते १० मी टू मीटरवर हजर राहीन, मराठीत. फ्रिक्वेन्सी इथेच कळवतो. काका, साताऱ्याहून हँडसेटवर सांगली गाठता येणार नाही, पण तुम्ही तिकडे यवतेश्वरावरून अशीच एक वेळ धराल का?

जुना_ऑपरेटर (सातारा)

धरीन. पण कुणी दुसऱ्याचं बोलणं तोडून शिरला तर थांब म्हणणार. त्यात बदल नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

म्हणा. फक्त त्याआधी नाव विचारा.

हळदपेठ (सांगली)

काका, सॉकेट आणि कांड्या मिळतील. कोॲक्सचं काय? घरी केबल टीव्हीची जुनी वायर पडलीय, ती चालेल का, की पुण्याहून मागवू?

जुना_ऑपरेटर (सातारा)

टीव्हीची ७५ ओहमची असते, सेटला ५० लागते. दहाएक मीटरपर्यंत तात्पुरती चालेल, सेटला काही होत नाही. पण वायर जुनी असेल तर आधी दोन्ही टोकं सोलून बघा. आतली जाळी काळी-हिरवी पडली असेल तर टाकून द्या आणि आरजी-५८ मागवा.