मदत हवी आहे: भाऊ सोलापूरच्या जेलमध्ये आहे, जामिनाचा अर्ज कसा करायचा? वकिलाला द्यायला पैसे नाहीत

नमस्कार. घाईत लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या भावाला गेल्या शनिवारी रात्री अटक झाली. वय २३. आम्ही साखर पेठेच्या बाजूला भाड्याने राहतो. तो यंत्रमागावर कामाला, मी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला, अम्मा घरी विड्या वळते. आमच्याकडे पाणी किती दिवसांनी येतं ते सोलापूरकरांना सांगायला नको. त्या रात्री शेजारच्यांनी नळाला मोटर लावली आणि आमच्या नळाला करंगळीएवढी धारही येईना. आधी बोलाबोली, मग शिव्या, मग झटापट. भावाच्या हातात लोखंडी पाना होता, तो त्यांच्या मनगटावर बसला. हाड मोडलं. भावाने मारलं हे मी लपवत नाही. पण शनिवारपर्यंत त्याच्यावर साधी एनसी (अदखलपात्र तक्रार) सुद्धा नव्हती.

एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेचं कलम ११८(२) लावलंय. रविवारी त्याला कोर्टात उभं केलं. साहेबांनी विचारलं, वकील आहे का? तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. तेवढ्यात एक वकीलबाई पुढे झाल्या, दोन-चार वाक्यं बोलल्या आणि दोन दिवसांची पोलीस कोठडी झाली. मंगळवारी एमसीआर (न्यायालयीन कोठडी), म्हणजे आता तो जिल्हा कारागृहात आहे. त्या बाई कोण, त्यांना कोणी नेमलं, मला कळलंच नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

कोर्टाबाहेर झाडाखाली एक माणूस भेटला. म्हणाला, "पंचवीस हजार द्या, परवा पोरगा घरी." पाच हजार आगाऊ मागतोय. काल रात्री मी कात्री शोधत होते, तर विड्यांच्या सुपात तेंदूच्या पानांखाली रुमालाची गाठ सापडली. आत अम्माची कानातली. तिने ती विकायला काढून ठेवलीत, मला न सांगता.

सरकारी वकील फुकट मिळतो म्हणतात, पण आम्ही दोघं कमावतो, मग मिळेल का? अर्ज कोणत्या कोर्टात करायचा? आणि सगळ्यात मोठी अडचण जामीनदाराची. आमच्या नावावर घर नाही, सातबारा नाही. मामाचं घर आहे, पण ते कलबुर्गीला. दुसऱ्या राज्यातला जामीनदार चालतो का? अम्मा म्हणतेय, शेजाऱ्यांच्या पाया पडून येते, ते केस मागे घेतील. जाऊ देऊ का?

कोर्टातला जुना कारकून

ताई, कानातली परत अम्माच्या कानात घाला. त्या माणसाला एवढंच विचारा की वकीलपत्र कोणाच्या नावाने निघणार. पुढे बोलणार नाही तो. मी बारा वर्षं वकिलांकडे कारकुनी केली, अशी झाडाखालची माणसं रोज पाहिली.

रविवारी उभ्या राहिल्या त्या बहुधा विधी सेवा प्राधिकरणाच्या रिमांड वकील (कोठडीच्या सुनावणीला आरोपीच्या बाजूने उभं राहणाऱ्या) असाव्यात. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस विचारा आणि तिथे "लोकअभिरक्षकांना भेटायचंय" म्हणा. आरोपींच्या बाजूने फुकट केस लढवायलाच ते नेमलेले असतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीत असलेल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. तीन लाखांची मर्यादा ऐकली असेल, ती इतरांसाठी. तुमचा पगार कोणी विचारणार नाही. काही अडलं तर १५१०० वर फोन करा.

जाताना एफआयआरची प्रत, रेशन कार्ड, भावाचं आधार आणि कारखान्याच्या मालकाचं पत्र न्या: किती वर्षं कामाला आहे, वागणूक कशी आहे. पोरगा इथलाच आहे, पळून जाणार नाही, हे कोर्टाला कागदावर दिसलं पाहिजे. वकीलपत्रावर भावाची सही जेलमध्ये होते, जेलचे अधिकारी ती साक्षांकित करून देतात. त्यासाठी तुम्हाला धावपळ नको.

११८(२) अजामीनपात्र आहे आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते, म्हणून खालचं, म्हणजे मॅजिस्ट्रेटचं, कोर्ट बहुतेक वेळा हात आखडतं. तिथे नामंजूर झालं तर खचू नका. सत्र न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ खाली अर्ज करता येतो. तिथेही नाहीच झालं, तर आता मुंबईची वारी नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) आहे, सोलापूर जिल्हा त्यातच येतो.

पार्क चौक (आणखी एक उत्तर)

जामीनदाराबद्दल. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर मोतीराम नावाच्या गरीब गवंड्याचं प्रकरण आलं होतं, मध्य प्रदेशातलं. दहा हजारांचा जामीनदार मागितला, भाऊ उभा राहिला, तर मॅजिस्ट्रेट म्हणाले, तुझी मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालणार नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं. म्हणजे मामा कलबुर्गीचे आहेत एवढ्यावरून नाही म्हणता येत नाही. पण खरं सांगायचं तर बाहेरच्या जामीनदाराच्या कागदांची पडताळणी व्हायला वेळ लागतो आणि तेवढे दिवस पोरगा आत राहतो. म्हणून वकिलांना आधीच सांगा: जामीनदार आणेपर्यंत तात्पुरत्या रोख जामिनावर सोडा, अशी विनंती अर्जातच असू द्या. मिळते ती.

रक्कम झेपली नाही तरी वाट बंद नाही. महिनाभरात जामीनदार देता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय. गरीब कैद्यांसाठी २०२३ ची केंद्राची योजनाही आहे, त्यात जामिनाच्या रकमेसाठी मदत होते. तीही विधी सेवा प्राधिकरणातच विचारा.

विडी घरकुल (आणखी एक उत्तर)

अक्का, अम्माला शेजाऱ्यांकडे पाठवू नको. हात जोडते. आमच्या घरी हेच झालं होतं. माझी आई पाया पडायला गेली आणि सुनावणीच्या दिवशी पोलिसांच्या से मध्ये (लेखी म्हणण्यात) लिहून आलं की आरोपीचे नातेवाईक फिर्यादीवर दबाव टाकतात. तारीख पुढे गेली, भाऊ अजून अकरा दिवस आत. त्या माणसाच्या हाताचं मनापासून वाईट वाटत असेल, आणि वाटलंच पाहिजे, तरी ते सांगायला जामीन होईपर्यंत थांब. समेटाचं काही असेल तर वकिलामार्फत.

सुनावणीत लगेच निकाल लागेल असं धरून जाऊ नको. अर्ज दाखल झाला की कोर्ट पोलिसांचा आणि फिर्यादीच्या बाजूच्या सरकारी वकिलांचा से मागवतं, त्याला तारीख पडते. पाना जप्त झालाय का, जखमी माणूस दवाखान्यातून घरी आलाय का, हे वकिलांना आधी सांगून ठेव. यावर बरंच ठरतं.

मूळ प्रश्न विचारणारी

सगळ्यांची आभारी आहे. लोकअभिरक्षक ऑफिसात गेले. तिथल्या मॅडमनी खुर्ची दिली, पाणी दिलं, मग एफआयआर ओळ न् ओळ वाचली. रविवारच्या वकीलबाई खरंच प्राधिकरणाच्याच होत्या. एक रुपया लागला नाही. अम्माला थांबवलंय, ती रागावलीय, पण थांबलीय.

मूळ प्रश्न विचारणारी (सतरा दिवसांनी)

खाली नामंजूर झाला होता. आज सत्र न्यायालयात मंजूर झाला. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. साहेबांनी दोनच गोष्टी विचारल्या: जखमी घरी आलाय का, आणि पाना जप्त झालाय का. मॅडमनी मालकाचं पत्र पुढे केलं. पंचवीस हजारांचा जातमुचलका (भावाने स्वतः लिहून द्यायची हमी) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार, त्यासाठी चार आठवडे मुदत, तोवर पंधरा हजार रोख. मालकांनी उचल दिली. दर रविवारी ठाण्यात हजेरी. चार्जशीट होईपर्यंत आमच्या गल्लीत यायचं नाही, म्हणून तो आत्याकडे राहील.

पैसे भरून सहीशिक्का होईपर्यंत संध्याकाळ झाली. जेलवाले म्हणाले बंदी झाली (कैद्यांना संध्याकाळी आत बंद केलं), आता उद्या. उद्या किती वाजता जाऊन थांबू?

कोर्टातला जुना कारकून

ऑफिस उघडायच्या वेळेला जा. ऑर्डरची प्रत आणि तुमचं आधार जवळ ठेवा, आत कागदांची तपासणी होते, दुपारही होऊ शकते. डबा न्या. बाहेर आला की गल्लीवरून नेऊ नका, अम्माला दाखवायलासुद्धा नाही. अम्मालाच आत्याकडे आणा. आणि पहिल्या रविवारी हजेरीला तुम्ही सोबत जा, सही झाली की तारीख एका वहीत लिहून ठेवा. मामांना घराचे कागद घेऊन याच आठवड्यात बोलवा, चार आठवडे बघता बघता जातात.